झाडावर चढायचं काम शिकताय? रोप आणि लॅनयार्डबद्दल आधी एवढं समजून घ्या

मी मूळची डोंगरातली. पुण्यातल्या बऱ्याच जणांसारखी सुरुवात सिंहगडापासून, मग सुळके, मग रॉक क्लाइंबिंगचा कोर्स, आणि तिथून ओळखीतून झाडांच्या छाटणीच्या कामात आले. रोप, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), कॅराबिनर (उघडबंद होणारी धातूची कडी) सगळं हाताळलेलं होतं त्यामुळे वाटलं झाडावर वेगळं काय शिकायचंय. पहिल्याच पावसाळ्यात कोथरूडच्या एका सोसायटीत रेन ट्रीच्या बेचक्यात उभी होते, मेन रोप ढिला पडलेला, लॅनयार्ड (हार्नेसपासून खोडाला वेढा घालणारा छोटा दोर) बुंध्याभोवती, आणि डोक्यात पक्कं की लॅनयार्ड आहे म्हणजे मी सेफ आहे. शेवाळावरून पाय सटकला आणि लॅनयार्ड माझ्यासकट बुंध्यावरून तीनेक फूट खाली घसरत आलं, खाली एका फांदीचा खुंट होता त्याला अडकलं म्हणून थांबले. बरगड्या महिनाभर दुखत होत्या, श्वास घेतानासुद्धा.

त्या दिवशी जे कळलं तेच या सगळ्या लेखात परत परत येणार आहे. लॅनयार्ड तुम्हाला जागेवर धरतं. पडताना वाचवतो तो तुमच्या डोक्याच्या वरच्या अँकरवरचा (म्हणजे झाडावर जिथे रोप अडकवलाय त्या जागेवरचा) ताठ रोप. दोघांची कामं वेगळी आहेत आणि नवीन माणूस नेमकी इथेच गल्लत करतो.

अजून एक, हे वाचून कोणी थेट झाडावर चढू नका. जाणत्या माणसाच्या नजरेखाली, कमरेएवढ्या उंचीवर पहिले काही दिवस सराव करा, मग वर.

१. आधी कागद

हे कंटाळवाणं आहे पण टाळता येत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे, झाड खासगी आवारातलं असलं तरी मनाने तोडता येत नाही, आणि फांद्यांची छाटणी असेल तरी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करून परवानगी घ्यायची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं हेरिटेज धरली जातात, त्यामुळे जुन्या बंगल्यांच्या आवारातल्या मोठ्या झाडांचं जास्त काळजीने विचारा.

सोबत काय असावं:
- परवानगीची प्रत. त्यात लिहिलेलं झाड आणि समोरचं झाड एकच आहे का हे स्वतः बघा
- सोसायटीचं किंवा मालकाचं पत्र, कुठल्या फांद्या काढायच्या ते लिहिलेलं
- तारा जवळ असतील तर महावितरणकडून सप्लाय कधी बंद, कधी चालू याची पक्की वेळ
- अपघात विमा, आणि त्यात उंचीवरचं काम धरलेलं आहे ना हे वाचून घ्या
- टीममधल्या प्रत्येकाचा रक्तगट, घरचा नंबर, जवळच्या हॉस्पिटलचं नाव, एका कागदावर

मे महिन्यात वळवाचा पाऊस यायच्या आधी सगळ्या सोसायट्यांना एकदम जाग येते. "परवानगी येतेच आहे, तुम्ही सुरू करा ना" असं हमखास ऐकायला मिळतं. कागद हातात आल्याशिवाय हार्नेस घालू नका.

२. सामान

रॉक क्लाइंबिंगवाल्यांनो, तुमचा डायनॅमिक रोप घरी ठेवा. तो ताणला जाण्यासाठीच बनवलेला असतो, पडल्यावर धक्का पचवतो. झाडावर आपण सारखे रोपवर बसून असतो, तिथे ताण देणारा रोप म्हणजे चार इंच वर आणि तीन इंच खाली. इथे कमी ताणाचा, म्हणजे वजनाने फार न लांबणारा, सेमी-स्टॅटिक रोप लागतो. युरोपियन स्टँडर्ड ईएन १८९१ मधला टाइप ए बघा, त्याची कमीत कमी ताकद २२ किलोन्यूटन म्हणजे साधारण २२०० किलो, आणि ताण ५ टक्क्यांच्या आत. झाडकामाचे रोप साधारण ११.५ ते १३ मिलिमीटर जाड असतात. नवीन माणसाने जाड घ्यावा, हातात नीट धरता येतो आणि गाठी चांगल्या बसतात. पण या कमी ताणाच्या रोपची दुसरी बाजू लक्षात ठेवा, तो धक्का जवळजवळ पचवत नाही, म्हणून ढिला ठेवून पडलात तर सगळा झटका तुमच्या अंगात आणि अँकरमध्ये जातो.

बाकीची यादी:
- झाडकामाचा बसका हार्नेस, समोर ब्रिज (मेन रोप लावायचा आडवा दोर) आणि दोन्ही बाजूंना डी रिंग असलेला
- हनुवटीचा पट्टा असलेलं हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, हातमोजे, घट्ट सोलचे बूट
- मेन रोप ४५ मीटर
- लॅनयार्ड, ३ ते ५ मीटर, लांबी कमीजास्त करणाऱ्या अ‍ॅडजस्टरसकट
- हिचसाठी (रोपभोवती बांधायची घर्षणाची गाठ, हाताने सरकते आणि वजन पडलं की धरते) ८ ते १० मिलिमीटरची उष्णता सोसणारी कॉर्ड, दोन तुकडे
- ऑटोलॉक कॅराबिनर निदान पाच, तीन हालचालींनी उघडणारे
- थ्रोलाइन (आधी फांदीवरून टाकायची बारीक दोरी, तिने मग रोप वर ओढतात) आणि तिच्या टोकाला लावायच्या २५० ते ४०० ग्रॅमच्या दोन थ्रोबॅग
- फ्रिक्शन सेव्हर, म्हणजे फांदीवर रोप घासू नये म्हणून दोन रिंगांचा पट्टा
- हाताची वाकडी करवत, म्यानासकट
- फर्स्ट एडमध्ये जास्त रक्तस्राव थांबवायचं मोठं ड्रेसिंग

स्क्रू लॉकचे कॅराबिनर मी झाडावर वापरत नाही. फांद्यांना घासून घासून स्क्रू फिरतो आणि उघडतो, कड्यावर हे एवढं होत नाही.

आता रविवार पेठेबद्दल. बोहरी आळीत दोरखंडांची दुकानं आहेत, माणसं चांगली आहेत, आणि फांदी बांधून खाली सोडायला, जागा अडवायला, सामान वर ओढायला मी तिथूनच दोर घेते. पण स्वतःचं वजन टाकायचा रोप तिथला नाही. त्या दोरावर ना ताकद लिहिलेली असते, ना बनवल्याची तारीख, आणि बरेचसे पॉलिप्रॉपिलीनचे असतात जे १६५ अंशांच्या आसपास वितळतात, घर्षणाच्या गाठीला ते चालत नाही. डायनीमा नावाच्या धाग्याची दोरी दिसायला भारी आणि ताकदीची असते पण ती तर त्याहून कमी तापमानाला वितळते, तिची हिच कधीच बांधू नका.

३. झाड जमिनीवरून बघा

मुळशीकडचे एक मामा आमच्याबरोबर यायचे, आयुष्यभर काथ्याचा दोर आणि कोयता घेऊन चढलेले. पहिल्या दिवशी मी आल्या आल्या थ्रोलाइन काढली तर म्हणाले, "ताई, आधी झाडाला फेरी तर मारा." ते बुंध्याभोवती फिरत कोयत्याच्या पाठीने ठोकत जायचे आणि आवाज ऐकायचे, भरीव लाकडाचा आवाज वेगळा, पोकळाचा वेगळा. मी आजही लाकडी हातोडीने तेच करते.

बुंध्याच्या तळाशी अळंबी, बशीसारख्या बुरशा, माती वर उचललेली, मुळं तुटलेली (रस्ता खोदताना पुण्यात हे फार होतं), ढोली, वाळलेले शेंडे, जुन्या चिरा, हे सगळं बघा. गुलमोहर, पिचकारी आणि शेवगा यांच्यावर फार भरवसा ठेवू नका, लाकूड ठिसूळ, हिरवीगार फांदीसुद्धा कडकन मोडते. चिंच आणि कडुनिंब त्या मानाने चिवट. रेन ट्रीच्या फांद्या लांबच लांब आडव्या जातात, टोकाला वजन खूप असतं. वड आणि पिंपळाचा चीक रोपला लागला की वाळून चिकट होतो आणि हिच अडकायला लागते, ओला असतानाच फडक्याने पुसा.

आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी चढायचं नाही, विषय संपला. रोपवर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. ढोलीत पिंगळा किंवा पोपट असेल, घरटं असेल तर काम पुढे ढकला.

आणि तारा. फांद्यांतून दिसत नाहीत म्हणून सगळ्या बाजूंनी बघा. मी चालू तारेपासून रोप, करवत, फांदी आणि स्वतःला निदान ३ मीटर लांब ठेवते, त्याच्या आत काम असेल तर सप्लाय बंद झाल्याशिवाय नाही. ओली फांदी तारेला टेकली तरी करंट येतो, तार हातात धरावी लागत नाही.

४. थ्रोलाइन आणि अँकर

थ्रोबॅग दोन्ही पायांच्या मधून झोका देऊन वर सोडायची, ताकदीने फेकायची नाही. खालच्या गाड्या आधी हलवायला लावा. लाइन कधीही हाताला गुंडाळून ओढू नका, अडकली आणि सुटली तर बॅग सरळ तोंडावर येते.

अँकरसाठी जिवंत, हिरवी, निदान १० सेंटिमीटर जाडीची बेचकी, आणि रोप मुख्य खोडाला अडून बसेल असा घालायचा. आडव्या फांदीच्या मधोमध घातलेला रोप टोकाकडे सरकू शकतो. लाइन तीन-चार फांद्यांवरून गेली असेल तर ती सोडवून एकाच बेचकीवर आणा, नाहीतर वर चढताना घर्षणाने जीव मेटाकुटीला येईल आणि नेमकं वजन कुठल्या फांदीवर आहे ते कळणार नाही.

मग दोन जणांनी मिळून जमिनीवरून रोपला लटकायचं, हलके हिसके द्यायचे. दोघांचं वजन सोसलं तर एकटा माणूस चढेल. यावेळी हेल्मेट डोक्यावर आणि नजर वर.

सिंगल रोपची पद्धतही आहे, आता बरेच जण तीच वापरतात. त्यात रोपचं दुसरं टोक खाली बुंध्याला बांधलं तर वरच्या फांदीवर तुमच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो, हे नवीन माणसाला माहीत नसतं. म्हणून माझं मत, पहिले सहा महिने दुहेरी रोपच. रोप फांदीवरून जातो, दोन पदर खाली येतात, एक पदर हार्नेसला बांधलेला, दुसऱ्या पदरावर हिच. एक मीटर वर जायला दोन मीटर रोप ओढावा लागतो, हळू आहे, पण चूक झाली तर समजायला वेळ मिळतो.

५. गाठी

फार गाठी शिकू नका. पाच पुरेत: आठाची गाठ, डबल फिशरमन, बोलाइन (टोक परत गुंतवून), प्रुसिक आणि ब्लेक. प्रुसिक ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकने १९३१ मध्ये लोकांसमोर आणली, ती आपण डोंगरातही वापरतो. झाडावर मात्र ती वजन पडल्यावर आवळून बसते, सोडवायला त्रास होतो. ब्लेकची हिच नव्वदच्या दशकात झाडकामात पसरली, हळूच सरकते आणि हात सोडला की धरते, सुरुवातीला हीच.

बांधायची अशी. रोपचं टोक हार्नेसच्या कॅराबिनरला गाठ मारून लावताना पुढे सव्वा मीटर शेपटी मोकळी ठेवा. आता दुसऱ्या पदरावर अंगठा उभा ठेवा. शेपटीने अंगठ्यासकट दोन वेढे, मग त्याच्या वर नुसत्या रोपवर अजून दोन, सगळे खालून वर. शेपटी खाली आणा, कॅराबिनरकडून हिचकडे येणारा जो भाग आहे, त्यालाही ब्रिजच म्हणतात (हार्नेसचा ब्रिज वेगळा), त्याच्या पुढून घ्या, मग मेन रोपच्या मागून, आणि अंगठा काढून त्या जागेतून म्हणजे खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर काढा. टोकाला आठाची गाठ, न चुकता, कारण शेपटी हळूहळू आत सरकते.

ब्रिजला न अडवता शेपटी आत घातली तर गाठ लांबून जवळपास तशीच दिसते पण तिचा भरवसा नाही. म्हणून वेढे मोजा, ब्रिज बोटाने शिवून बघा, ओढून बसवा, मग जमिनीपासून एक फुटावर पूर्ण वजन टाकून मिनिटभर बसा. दुसऱ्या कोणाला तरी बघायला लावा. ओल्या रोपवर तीच हिच वेगळी वागते, कधी जास्त धरते कधी सरकते, त्यामुळे पावसात ही चाचणी परत करायची, सकाळी केली होती म्हणून चालत नाही.

रोपच्या लांब टोकालाही गाठ हवी. रोप जमिनीपर्यंत पोचत नसेल तर उतरताना हिच टोकावरून निघून जाते.

६. लॅनयार्ड

आता माझा जिव्हाळ्याचा विषय. लॅनयार्डचं एक टोक हार्नेसच्या एका बाजूच्या डी रिंगला, मग ते खोडाभोवतून येऊन दुसऱ्या बाजूच्या डी रिंगला, अ‍ॅडजस्टरमधून. दोन्ही टोकं एकाच बाजूला लावली तर कंबर पिळली जाते. अ‍ॅडजस्टर म्हणून प्रुसिकही चालते. मोकळ्या टोकाला स्टॉपर गाठ हवीच, नाहीतर अ‍ॅडजस्टर सरकत टोकापर्यंत जाऊन सुटतो.

कुठे घालायचं: कमरेच्या वर, छातीच्या आसपास, आणि शक्यतो एखाद्या फांदीच्या बेचक्याच्या वरून, म्हणजे घसरलं तरी तिथे अडेल. गुळगुळीत सरळ खोड असेल (नीलगिरी, सिल्व्हर ओक) तर खोडाला दुहेरी वेढा घ्या. लॅनयार्ड फक्त तुम्ही मागे रेलून वजन टाकलेलं असेपर्यंत धरून ठेवतं, तुम्ही खोडाला चिकटलात की ते ढिलं पडतं आणि त्या क्षणी ते असून नसल्यासारखं असतं. माझं नेमकं हेच झालं होतं. वर सरकवताना तर आपण मुद्दाम खोडाला चिकटतो, म्हणून सरकवायच्या आधी मेन रोप ताठ करून वजन त्याच्यावर घ्यायचं.

फांदी ओलांडायची असेल तेव्हा लॅनयार्ड सोडावं लागतं. नियम एकच, नवीन जागी लावल्याशिवाय जुनं सोडायचं नाही. मेन रोपचा अँकर बदलताना लॅनयार्ड आधी, आणि तेही वजन टाकून तपासलेलं. कॅराबिनर बंद झाल्याचा नुसता आवाज ऐकून पुढे जाऊ नका, डोळ्यांनी बघा आणि दाबून बघा. कधीकधी मध्ये पान किंवा सालीचा तुकडा अडकलेला असतो आणि गेट अर्धवट उघडं राहतं. कॅराबिनरवर आडवा ताणही येऊ देऊ नका, आडव्या ताणात त्याची ताकद तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते.

करवत चालवताना दोन्ही हवेत, रोप आणि लॅनयार्ड. जी फांदी कापताय तिच्याच भोवती लॅनयार्ड नको, हे वाचताना उघड वाटतं, वर पानांच्या गर्दीत तसं होत नाही. प्रत्येक कापाआधी लॅनयार्डवरून बोट फिरवत ते कुठून कुठे गेलंय ते बघते मी. स्टीलची तार आत असलेलं लॅनयार्ड मिळतं, हाताच्या करवतीला ते चांगलं पुरतं, पण चेनसॉ लागली तर तेही कापलं जातं, आणि तारांजवळ स्टील म्हणजे करंटला वाट.

७. चढणं आणि फांदीवर जाणं

ढील येऊ द्यायची नाही. हिच नेहमी हाताच्या टप्प्यात, रोप ताठ. अँकरच्या वर कधीही चढू नका. अजून वर जायचं असेल तर तिथे लॅनयार्ड, मग रोप वर हलवा, मग लॅनयार्ड काढा. चढायला जमिनीवरच्या माणसाने रोपचा मोकळा पदर खाली ओढून धरला तर हिच आपोआप सरकते, सुरुवातीला ही मदत घ्या.

आडव्या फांदीवर टोकाकडे जाताना जितके अँकरपासून बाजूला जाल तितका झोका मोठा. पाय सुटला तर तुम्ही खाली न जाता सरळ बुंध्यावर आपटता. म्हणून अँकर जितका उंच तितकं चांगलं, पाय फांदीवर, वजन मागे रोपवर. परतताना घाई होते, बहुतेक झोके तेव्हाच बसतात.

फांदी कापायची तीन कापांत: आधी खालून थोडा, मग जरा पुढे वरून, वजन गेलं की शेवटचा कॉलरच्या (फांदी खोडाला मिळते तिथला फुगीर भाग) बाहेर. एकदम वरून कापली तर साल बुंध्यापर्यंत सोलत जाते. चेनसॉ पहिल्या वर्षी झाडावर नकोच. आणि छाटणीला पायात खिळ्यांचे स्पाइक वापरू नका, प्रत्येक पावलागणिक झाडाला जखम होते. ते फक्त पूर्ण काढायच्या झाडाला.

८. उतरणं

हळू. हिच वरून हलकी दाबत, सारख्या वेगाने. भर्रकन उतरलात की घर्षणाने कॉर्ड तापते, वितळून चकाकी येते, कडक होते, आणि पुढच्या वेळी धरत नाही. चकाकलेली कॉर्ड त्याच दिवशी बाद.

९. खाली कोण आहे

एकट्याने कधीच नाही. खाली एक माणूस पुरत नाही, आणि खाली जे असतील त्यातला निदान एक जण चढून तुम्हाला खाली आणू शकेल असा हवा, त्याचा हार्नेस अंगावर आणि शक्यतो दुसरा रोप झाडावर आधीच लावलेला. शुद्ध हरपलेला माणूस हार्नेसमध्ये नुसता लटकून राहिला तर काही मिनिटांतच धोका सुरू होतो, अग्निशमन दल (१०१) आणि अँब्युलन्स (१०८) येईपर्यंत वाट बघून चालत नाही, फोन करायचा आणि त्याच वेळी उतरवायलाही लागायचं. हा सराव दर दोन महिन्यांनी करा, खरा माणूस लटकवून, कमी उंचीवर.

बोलायचे शब्द आधी ठरवा. आम्ही वरून "फांदी!" ओरडतो, खालून "मोकळं!" आल्याशिवाय करवत चालत नाही. वॉचमन, मुलं, भाजी घेऊन येणाऱ्या काकू कोणीही दोरी ओलांडून आत येतात, त्यामुळे जागा अडवायला एक माणूस वेगळाच ठेवा.

१०. घरी आल्यावर

रोप हाताने पूर्ण चाचपा, मीटर मीटर करत. कुठे मऊ पडलाय, गोळा झालाय, फुगलाय, आतला गाभा दिसतोय, तर बाद. साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, गच्चीवर उन्हात टाकू नका. गाडीच्या डिकीत बॅटरीच्या पाण्याजवळ किंवा पेट्रोलच्या कॅनशेजारी रोप ठेवलेला मी पाहिलाय, अ‍ॅसिडने झालेलं नुकसान डोळ्यांना दिसतही नाही. वहीत खरेदीची तारीख, वापर, मोठा झटका बसला असेल तर तो, लिहून ठेवा. इंग्लंडमध्ये माणसाला उचलणारं साहित्य दर ६ महिन्यांनी जाणकाराकडून तपासायचा नियम आहे, आम्ही तोच पाळतो, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर.

बाद केलेला रोप तसाच कोपऱ्यात टाकू नका, कोणीतरी उचलून वापरतो. मीटरभराचे तुकडे करा आणि टीममध्ये वाटा, ब्लेकची हिच घरी बसून बांधायला.